गुण तरी कळवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीधर मुले नोकरभरतीत ॲप्टिट्यूड टेस्टच्या पहिल्याच चाळणीत गळतात, कारण त्यांना साधी आकडेमोड आणि तर्क जमत नाही, असा निष्कर्ष काढणारा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. लेखकांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण भरती करणाऱ्यांची बाजू मांडताना त्यांनी गळलेल्या एकाही मुलाला काही विचारलेले दिसत नाही, म्हणून हे पत्र लिहिते आहे. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले. गेल्या ११ महिन्यांत मी अशा १४ चाचण्या दिल्या. त्यांपैकी दोन बँकभरतीच्या होत्या आणि त्या दोन्हींचे गुण मला विभागवार कळले. उरलेल्या १२ खासगी कंपन्यांच्या होत्या. त्यांत मी कुठे कमी पडले, हे मला आजही ठाऊक नाही.

त्यांतली एक चाचणी विसरता येत नाही. पुण्यातील एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट ट्रेनीची जागा होती आणि चाचणी घरूनच, कॅमेऱ्यासमोर द्यायची होती. मामेभावाचा लॅपटॉप आणला, बाहेर खिडकीत ठेवलेल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडला, सूचनेप्रमाणे लॅपटॉप उचलून खोलीचे चारही कोपरे आणि टेबलाची खालची बाजूसुद्धा दाखवली. ६० मिनिटांत ६० प्रश्न होते. गणिताचा भाग संपवून मी बैठकव्यवस्थेच्या प्रश्नावर आले होते. गोल टेबलाभोवती आठ जण बसवायचे होते आणि सहा जणांच्या जागा कागदावर नक्की झाल्या होत्या, एवढ्यात वीज गेली. लॅपटॉप चालू राहिला, पण संध्याकाळचे सात वाजून गेल्यामुळे खोलीत अंधार झाला आणि पडद्यावर लाल चौकटीत ‘चेहरा दिसत नाही’ अशी सूचना आली. मी पडद्याचा उजेड वाढवला, तोंड पुढे नेले, तरी दुसऱ्यांदा तीच सूचना आली. नात अंधारात लिहीत बसली असेल म्हणून आजी बाहेरच्या खोलीतून बॅटरी घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या खांद्यामागे उभी राहून तिने कागदावर उजेड धरला. ‘दुसरी व्यक्ती आढळली’ एवढे शब्द उमटले आणि चाचणी बंद झाली. २४ प्रश्न शिल्लक होते. आजी त्यानंतरही बराच वेळ बॅटरी धरून उभी होती, कारण तिला काय सांगावे हे मला सुचत नव्हते.

तिसऱ्या दिवशी ईमेल आला. आपली उमेदवारी पुढे नेता येत नाही आणि पुढील सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही, एवढाच मजकूर होता. मी तीन वेळा उत्तर पाठवले; त्या पत्त्यावर आलेले संदेश कोणी वाचत नाही, असे तिन्ही वेळा आपोआप कळवण्यात आले. मी गैरप्रकार केला म्हणून मला नाकारले, की माझे गुण कमी पडले म्हणून? पहिले कारण असेल, तर तो माझ्यावरचा आरोप आहे आणि त्याला उत्तर देण्याची संधी मला मिळायलाच हवी. दुसरे असेल, तर कोणत्या भागात किती कमी पडले हे समजल्यावर मी त्या भागाची तयारी करू शकते. दोन्ही दारे बंद ठेवायची आणि मग माझ्यासारखीला ‘आकडेमोड न जमणाऱ्यां’त मोजायचे, हे मला मान्य नाही.

स्पर्धा परीक्षांबद्दल आम्हां मुलांच्या तक्रारी कमी नाहीत, पण एमपीएससी पूर्वपरीक्षेनंतर उत्तरतालिका प्रसिद्ध करते, तिच्यावर हरकती मागवते आणि मग अंतिम उत्तरतालिका लावते. बँकभरतीत नापास झालेल्यालाही गुणपत्रक पाहता येते. खासगी कंपन्या सांगतात की अर्ज हजारोंनी येतात, प्रत्येकाला कळवणे शक्य नाही. परंतु गुण संगणकानेच काढलेले असतात आणि नकाराचा ईमेल प्रत्येकाला जातोच. त्याच ईमेलमध्ये विभागवार गुणांचे तीन आकडे घालायला वेगळा माणूस लागत नाही.

शिवाय या चाचण्या ‘उपजत क्षमता’ मोजतात, हे लेखातील विधान मला पटत नाही. बँकांच्या अनेक पूर्वपरीक्षांत गणिताचे ३५ प्रश्न २० मिनिटांत सोडवावे लागतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम ३४ सेकंद, आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. पहिल्या सराव परीक्षेत माझी ११ उत्तरे बरोबर आली होती, दोन महिन्यांनी २३ आली. या दोन महिन्यांत माझी बुद्धी दुप्पट झाली नाही. टक्केवारीचे अपूर्णांक तोंडपाठ झाले आणि कोणता प्रश्न सोडून पुढे जायचे, हे कळू लागले. माझे वडील बाजार समितीत तोलाई करतात आणि पट्टीचा, म्हणजे शेतमालाच्या विक्रीच्या बिलाचा, हिशेब कागदाशिवाय करतात. आजीला अजून पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ आहेत. आमच्या घरात आकडेमोडीची उणीव नाही. सरावाला लागणारा वेळ आणि क्लासची फी यांची आहे. यूपीएससीने पूर्वपरीक्षेत २०११ मध्ये आणलेला सीसॅटचा, म्हणजे आकलन, तर्क आणि आकडेमोडीचा, पेपर २०१४ च्या आंदोलनानंतर, २०१५ पासून केवळ पात्रतेपुरता ठेवला, त्यात ३३ टक्के मिळाले की पुरे. २०२२ मध्ये एमपीएससीनेही तेच केले. अशा पेपरावर उमेदवाराचा क्रम ठरू नये, हे दोन्ही आयोगांनी मान्य केले. खासगी कंपन्यांत मात्र याच चाळणीवर सगळे ठरते आणि तिच्याबद्दल दाद कोणाकडे मागायची, हे कोणी सांगत नाही.

आणखी एक गोष्ट थेट आपल्याकडे मांडते. कालच्या त्याच पानावर लेखाखाली ‘३० दिवसांत ॲप्टिट्यूड हमखास’ अशी जाहिरात होती. अशाच एका जाहिरातीवर विश्वास ठेवून आमच्या गल्लीतील एका मुलीने आठ हजार रुपये भरले. तिला मिळाल्या त्या जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स, आणि पैसे परत मिळाले नाहीत. ‘हमखास’ हा शब्द छापण्यापूर्वी आपण जाहिरातदाराकडे पुरावा मागावा, असे मला मनापासून वाटते.

माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक कंपनीने उमेदवाराला त्याचे विभागवार गुण कळवावेत, चाचणी मध्येच बंद केली असेल तर तिचे कारण कळवावे आणि वीज किंवा नेट गेल्यास एकदा फेरपरीक्षा द्यावी. आपल्या लेखकांची अनेक कंपन्यांच्या भरती विभागांशी ओळख आहे, असे लेखावरून दिसते. गुण का कळवत नाही, हे त्यांनी त्या विभागांना विचारावे आणि मिळालेले उत्तर याच पानावर छापावे, ही विनंती.

आपली नम्र,
एक पदवीधर वाचक,
बार्शी, जि. सोलापूर