तीन वर्षांचा करार

नागपूर, रविवार रात्र

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी पहिलाच प्रश्न विचारला, "कायम आहे का?" आणि तू "ठेवतो, बाबा" म्हणालास. तेव्हापासून तुझी आई माझ्याशी कामापुरतंच बोलते. पोरगा अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबून अमेरिकेत कॉलेजच्या बास्केटबॉल संघाचा हेड कोच झाला आणि तुम्हाला हे सुचलं, असं तिचं म्हणणं. खरं आहे. फोनवर माझं नेहमी असंच होतं. कागदावर निदान खोडता येतं.

अभिनंदन. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

समोरच्या अण्णांना बातमी सांगितली. त्यांना वाटलं, तू टीव्हीवर दिसणार. म्हटलं, अहो, हे डिव्हिजन थ्रीचं कॉलेज. तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते, पोरं अभ्यास सांभाळून हौसेनं खेळतात. "म्हणजे आपल्या शाळेसारखंच की," अण्णा म्हणाले. मला ते फार आवडलं.

करार तीन वर्षांचा आहे, त्याबद्दल या पत्रात लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

पण मार्चमध्ये तुमच्या कोचला काढलं आणि तुम्ही सगळे साहाय्यक एका सकाळीच घरी बसलात, ते डोक्यातून जात नाही. ओवीची ही तिसरी शाळा. स्वयंपाकघरातली दोन खोकी मागच्या गावातून आणली ती न उघडताच पुढच्या गावी निघालीत, असं सूनबाई हसत सांगत होती. मला काही हसू आलं नाही.

तू दर वेळी मला ड्यूक विद्यापीठाचे कोच शशेफ्स्की यांचं उदाहरण देतोस. मीही सगळं वाचून काढलंय. 1980 मध्ये ड्यूकनं त्यांना घेतलं तेव्हा आर्मी म्हणजे तिथल्या लष्करी अकादमीच्या संघाबरोबरचा त्यांचा शेवटचा हंगाम 9 विजय, 17 पराभव असा होता. ड्यूकमधल्या तिसऱ्या वर्षी 11 विजय, 17 पराभव, आणि शेवटी व्हर्जिनिया विद्यापीठाकडून 109-66 असा मार. लोक म्हणत होते, हाकला. क्रीडासंचालक टॉम बटर्स यांनी हाकलायचं सोडून करार वाढवून दिला. पाच विजेतेपदं ही त्यानंतरची गोष्ट, आणि कारकिर्दीअखेर एकूण विजय 1,202. पण निखिल, मी ही गोष्ट वाचतो तेव्हा मला शशेफ्स्की दिसत नाहीत, बटर्स दिसतात. तुझ्या कॉलेजात असा कोणी आहे का? वुडनसाहेब 1948 साली यूसीएलए विद्यापीठात कोच म्हणून आले आणि पहिलं विजेतेपद 1964 मध्ये. तिथपासून बारा हंगामांत दहा, ते ठीक. पण आधी त्यांना सोळा वर्षं मिळाली. तीन नाही. आणि व्हर्जिनियाचे टोनी बेनेट? 2018 मध्ये सगळ्यात खालच्या, सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून हरले, 2019 मध्ये विजेते झाले, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये, हंगाम तोंडावर असताना, पंचावन्नाव्या वर्षी स्वतःच कोचपद सोडून उठले. आता खेळाडूच दर वर्षी कॉलेज बदलतात म्हणे. पोरंच कायम नाहीत, तिथे...

बघ. परत तेच. माफ कर, आयुष्यभर शाळेत शिट्टी फुंकलेला माणूस आहे मी.

वुडन पहिल्या दिवशी खेळाडूंना मोजे कसे घालायचे ते शिकवायचे, हे तू सांगितलंस तेव्हा मी दोन दिवस हवेत होतो. मी त्यांचं नावही ऐकलं नव्हतं, पण आमच्या सिमेंटच्या कोर्टावर टाचेला फोड आला की पोरगा आठवडाभर बाद. म्हणून मीही पायरीवर बसवून सगळ्यांच्या मोज्यांवरून बोट फिरवायचो. तू सहा-सात वर्षांचा असशील. स्वतःची पावलं पुढे करायचास, पायात स्लिपर असली तरी. रिंगची जाळी नायलॉनच्या सुतळीची मीच विणायचो, आणि ती बांधायला टेबलावर स्टूल, स्टुलावर तू. आईला हे अजून माहीत नाही. सांगू नकोस.

तुला एक कधी बोललो नाही. 1988 मध्ये इथल्या एका कॉलेजनं मला संघ सांभाळायला बोलावलं होतं. मानधनावर, वर्षावर्षाच्या बोलीवर. ताई पोटात होती, शाळेची नोकरी कायम होती. नाही गेलो. पस्तावलो म्हणणार नाही, त्याच पगारात हे घर झालं, तुझं तिकीट निघालं. पण संध्याकाळी त्या कॉलेजच्या भिंतीला लागून येताना आतून चेंडू आपटल्याचा आवाज यायचा, आणि सायकल आपोआप हळू व्हायची.

तेव्हा माझ्या प्रश्नाचं फार मनावर घेऊ नकोस. आत्या म्हणते, निखिल तुमच्यासारखा नाही. तिला ते कौतुकानं म्हणायचं होतं की कसं, कोण जाणे.

नोव्हेंबरमधल्या पहिल्या सामन्याची लिंक पाठव. तुमचे संध्याकाळचे सात म्हणजे आमचे पहाटेचे साडेपाच. दूध त्या दिवशी आई आणेल, असं आज संध्याकाळी तीच म्हणाली.

तुझा,
बाबा

ता. क. करारात मुदतवाढीचं कलम कितव्या पानावर आहे, तेवढं एकदा बघून ठेव.