तुम्ही भाडेकरू, तुम्ही बसा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

पाण्याची ओरड सुरू झाली की पुण्यात एक वाक्य हमखास कानावर येतं, बाहेरचे फार आले म्हणून पाणी पुरत नाही. आमच्या कोथरूडच्या सोसायटीत गेल्या रविवारी टँकरच्या खर्चावरून मीटिंग झाली, तिथे पण तेच. तिसऱ्या मजल्यावर लातूरचा एक मुलगा भाड्याने राहतो, आयटीत आहे, तो उठून म्हणाला की वॉशिंग मशीनचं पाणी आम्ही गावाकडे संडासाला वापरायचो, इथे प्रत्येक घराने एक ड्रम भरून ठेवला तरी टँकर कमी लागतील. त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत सेक्रेटरी म्हणाले, तुम्ही भाडेकरू, तुम्ही बसा. तो बसला. लिटरचा हिशेब लिहून आणलेला कागद होता हातात, त्याची घडी घातली आणि खिशात ठेवला. कोणी काही बोललं नाही, मी पण नाही, आणि तेच मला राहून राहून लागतंय म्हणून हे पत्र.

भाडेकरूला मत नसतं, नियम आहे, मान्य. पण बोलायचं पण नाही? २०१६ साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावं लागलं तिथल्या माणसाकडून पाणी कसं पुरवायचं हे ऐकायचं नाही तर कोणाकडून ऐकायचं?

मी नारायण पेठेतली. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तेव्हा मी चार वर्षांची होते. आमचा वाडा गेला आणि आम्ही गोखलेनगरला निसेन हटमध्ये, म्हणजे पत्र्याच्या अर्धगोल घरात, राहायला गेलो. पेठेपासून चालत पाऊण तास, पुणं तेच, पण शाळेत कुठे राहतेस विचारलं आणि मी सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, म्हणजे पूरग्रस्तांत का? वाडा उरला नव्हता तरी आई कितीतरी वर्षं शाळेच्या फॉर्मवर नारायण पेठेचाच पत्ता लिहायची. तेव्हा मला वाटायचं आई विसरते.

आणि मूळचे म्हणजे कधीपासूनचे ते पण सांगा ना. पेशव्यांचं घराणं श्रीवर्धनचं, महात्मा फुल्यांचं साताऱ्याकडच्या कटगुणचं. पाणी म्हणाल तर ते पानशेत, वरसगाव, टेमघरहून येतं, आणि त्या धरणांसाठी मुळशी-वेल्ह्याकडच्या लोकांनी घरंदारं, जमिनी सोडल्यात. त्यांच्यातलं कोणी आज आमच्या गेटवर आलं तर वॉचमन रजिस्टर पुढे करून विचारेल, कुठून आलात, कोणाकडे जायचंय.

गर्दी वाढली, रस्ते पुरत नाहीत हे खरंय, मला पण त्रास होतो. २०१७ ला ११ आणि २०२१ ला २३ गावं महापालिकेत घेतली, मग त्या हिशेबाने पाइपलाइन, टाक्या झाल्या का हा प्रश्न महापालिकेला विचारायचा आहे, तिसऱ्या मजल्यावरच्या पोराला नाही.

काल जिन्यात भेटला तेव्हा मी त्याच्याकडून तो कागद मागून घेतलाय. पुढच्या मीटिंगला मी मेंबर म्हणून उभी राहणार आणि आधी त्यालाच बोलू द्या म्हणणार, सेक्रेटरी नाही म्हणाले तर त्याचा हिशेब त्याचं नाव घेऊन मीच वाचून दाखवीन.

आपली एक वाचक,
कोथरूड, पुणे