होज सैल ठेवला वर्कशॉपने, ठपका माझ्या पायावर

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय: ब्रेक मास्टर सिलिंडर बदलताना क्लच ऑइलचा होज सैल राहिल्याबद्दल आणि त्या बिघाडाचे निदान ‘क्लच प्लेट झिजली’ असे केल्याबद्दल.

महोदय,

तुमच्या अधिकृत वर्कशॉपने माझ्या जॉब कार्डवर ‘क्लच सेट बदलणे आवश्यक, चालकाच्या सवयीमुळे झीज, वॉरंटीत बसत नाही’ असा शेरा मारला आहे. प्रत्यक्षात बिघाड निघाला एका सैल होजचा, आणि तो होज काढून परत लावणारे हात त्याच वर्कशॉपचे होते. शेरा मागे घ्यावा आणि झाल्या प्रकाराचा लेखी खुलासा द्यावा, यासाठी हे पत्र आहे. थोडे तपशिलात जावे लागेल, कारण काउंटरवर तोंडी सांगत होते तेव्हा कोणी पुरते ऐकून घेतले नाही.

ब्रेक दाबून धरला की पेडल हळूहळू खाली जाते, म्हणून मी गाडी दिली होती. ब्रेकचा मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडलच्या जोराने ऑइल पुढे ढकलणारा पंप, वॉरंटीत बदलून मिळाला. ते काम नीट झाले आहे, ब्रेकबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण या गाडीत ब्रेक आणि क्लच या दोघांनाही ऑइल एकाच टाकीतून जाते. टाकीच्या बाजूला एक छोटे तोंड आहे, त्यावरून रबरी होज निघून क्लचच्या मास्टर सिलिंडरला जातो. ब्रेकचा सिलिंडर बदलायचा तर टाकी काढावी लागते, आणि टाकी काढायची तर हा होज सोडवावाच लागतो. तो सोडवल्याची नोंद जॉब कार्डावर नाही. नसेना का, पण परत बसवल्यावर एकदा हाताने ओढून बघायला काय हरकत होती?

गाडी परत आल्यावर काही दिवस ठीक गेले. मग क्लचचे पेडल वरच्या अर्ध्या भागात पोकळ लागू लागले. सकाळी पहिल्यांदा रिव्हर्स टाकताना करकर व्हायची, पेडल भराभर पंप केले की गिअर मुकाट पडायचा. त्यातच वळण घेताना ब्रेकचा लाल दिवा लागून विझायला लागला. गाडी पुन्हा वर्कशॉपला नेली. सर्व्हिस ॲडव्हायझरने टाकीत बघितले, ‘ऑइल जरा कमी आहे’ म्हणाले आणि टॉप-अप करून दिले. ऑइल गेले कुठे, हे मी विचारले. त्यावर ‘मॅडम, वापराने थोडे कमी होतेच’ असे उत्तर मिळाले.

हे उत्तर चुकीचे आहे, आणि अधिकृत वर्कशॉपमध्ये ते मिळावे याचेच मला जास्त वाईट वाटते. हे ऑइल जळून संपत नाही. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे, म्हणजे पॅड दाबणाऱ्या भागाचे, पिस्टन पुढे सरकतात, त्यांच्यामागची जागा भरायला टाकीतले ऑइल खाली जाते आणि पातळी सावकाश उतरते, तेवढे मान्य. क्लचचे मात्र उलट असते. क्लच प्लेट झिजते तशी तिला दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटची बोटे त्यांना ढकलणाऱ्या रिलीज बेअरिंगच्या दिशेने सरकतात, स्लेव्ह सिलिंडरचा (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणाऱ्या सिलिंडरचा) पिस्टन मागे रेटला जातो आणि थोडे ऑइल टाकीकडे परत येते. म्हणजे प्लेट झिजल्यामुळे टाकी रिकामी होणार नाही, झाली तर किंचित भरेल. लाल दिवा लागण्याइतकी पातळी थोड्या दिवसांत उतरली, याचा अर्थ गळती. दुसरा अर्थ निघत नाही.

टॉप-अप कसा झाला तेही सांगते. बाटली बाकावर उघडीच होती, झाकण बाजूला पडलेले, तोंडाशी धूळ. टाकीच्या झाकणावर तुमच्याच कंपनीने छापले आहे की फक्त सीलबंद डब्यातले डॉट ४ (या दर्जाचे ब्रेक ऑइल) वापरावे. ते ऑइल हवेतला ओलावा ओढते म्हणून ही सूचना असते. डॉट ४ कोरडे असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी मुरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. घाटात सतत ब्रेक दाबताना या फरकाचा अर्थ काय होतो, हे वर्कशॉपला मी समजावून सांगायचे म्हणजे कमालच झाली.

पुढच्या खेपेला पेडल तळाला गेले ते तिथेच राहिले, बोटांनी वर ओढावे लागले. गाडी टो करून आणली. एका जागी उभी करून दोन-चार वेळा पेडल दाबून बघितल्यावर निकाल लागला: क्लच गेला, पूर्ण सेट टाका. गाडी घरात आणखी कोण चालवते, हे मला विचारण्यात आले. मीच चालवते म्हटल्यावर ‘बऱ्याच जणींना क्लचवर पाय ठेवायची सवय असते’ हे ऐकावे लागले आणि शेऱ्यात ‘चालकाची सवय’ आली. गाडी चालवून कोणी पाहिली नाही. बॉनेट उघडले ते टाकीची पातळी बघण्यापुरते.

क्लच प्लेट झिजली की क्लच घसरतो. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचे फेरे वाढतात, गाडी मात्र तेवढी पळत नाही, चढावर तर हे लगेच कळते. माझ्या गाडीत असे एकदाही झाले नाही. माझी तक्रार पहिल्या दिवसापासून उलटी होती: क्लच सुटतच नाही. पेडल पूर्ण दाबूनही इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांना सोडत नाहीत, म्हणून रिव्हर्स करकरतो. पंप केल्यावर तात्पुरता सुटतो, म्हणजे पाइपात हवा आहे. ऑइल दाबले जात नाही, हवा दाबली जाते, आणि पेडलचा जोर स्लेव्ह सिलिंडरपर्यंत पोचायच्या आधीच संपतो. घसरणे आणि न सुटणे यांतला फरक नवशिक्या फिटरलाही ठाऊक असतो.

मी सेट बदलायला नकार दिला आणि गाडी ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. त्याने कशालाही हात लावायच्या आधी बॅटरीचा उजेड टाकून मला दाखवले आणि मी फोटो काढले. ते सोबत जोडले आहेत, कृपया मोठे करून पाहा. टाकीच्या तोंडाला टोकाशी एक उंचवटा असतो. होज त्याच्या पलीकडे पूर्ण सरकवायचा आणि क्लॅम्प उंचवट्याच्या मागे आणायचा, म्हणजे तो निसटत नाही. माझ्या गाडीत होज अर्धाच चढवलेला होता आणि स्प्रिंग क्लॅम्प उंचवट्याच्या बाहेर, होजच्या मोकळ्या भागावर बसला होता. म्हणजे तो कशालाच आवळत नव्हता. कारखान्यात तो मुळात जिथे बसवला होता तिथे रबरावर दबलेला वळ अजून स्पष्ट दिसतो. क्लॅम्प त्या वळापासून बोटभर लांब आहे. क्लॅम्प आपणहून चालत तिथे गेला नसणार.

‘खाली डाग नाही, म्हणजे गळती नाही’ असेही तुमच्या लोकांनी मला सांगितले होते. डाग पडणार कुठून? ऑइल होजच्या तोंडातून झिरपून ब्रेक बूस्टरवर (पेडलचा जोर वाढवणाऱ्या गोल डब्यावर) उतरत होते आणि तिथून मागच्या पत्र्यावरच्या जाड फेल्टमध्ये मुरत होते. फेल्ट दाबला तर बोट ओले होत होते. बूस्टरचा काळा रंग फुगून पापुद्रे सुटले आहेत, कारण डॉट ४ रंग खाते. टाकीतले क्लचचे तोंड ब्रेकच्या तोंडांपेक्षा वर आहे, म्हणून क्लचचे ऑइल गेले तरी ब्रेकच्या वाट्याचे शिल्लक राहिले. रचनेतली ही हुशारी तुमच्या इंजिनिअरांची, त्याबद्दल त्यांचे आभार. वर्कशॉपच्या भरवशावर असते तर काय झाले असते, हा विचार मी करत नाही.

दुरुस्ती अगदी साधी होती. होजचे टोक फाटलेले नाही, कडक झालेले नाही, हे बघून त्याने ते पुसले आणि पूर्ण आत सरकवले. नवा क्लॅम्प उंचवट्याच्या मागे बसवला. सीलबंद डबा फोडून ऑइल भरले आणि स्लेव्ह सिलिंडरच्या निपलला पारदर्शक नळी लावून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली. सांडलेले डॉट ४ पाण्याने धुतले. मग इंजिन चालू ठेवून पेडल दाबून धरले, थोडा वेळ थांबून रिव्हर्स टाकला. आवाज नाही. गाडी तेव्हापासून नीट चालते आहे, त्याच ‘झिजलेल्या’ क्लच प्लेटवर.

हे सगळे ईमेलने कळवल्यावर तुमच्या कार्यालयाचे उत्तर आले की गाडी बाहेर उघडल्यामुळे वॉरंटीचा दावा विचारात घेता येणार नाही. मी दावा केलाच नव्हता, चूक दाखवली होती. शिवाय फोटो दुरुस्तीच्या आधीचे आहेत आणि रबरावरचा वळ पुसून टाकता येत नाही.

माझ्या मागण्या अशा आहेत. गाडीच्या सर्व्हिस रेकॉर्डमधून ‘चालकाची सवय’ हा शेरा काढावा आणि खरे कारण लिहावे. उद्या गाडी विकताना किंवा गिअरबॉक्सचा खरोखरच वॉरंटी दावा करताना तो शेरा माझ्या आड येऊ नये. निदानासाठी आणि टोइंगसाठी घेतलेले पैसे परत करावेत. उघड्या बाटलीतले ऑइल ब्रेकच्या बाजूलाही गेले असल्याने ब्रेक आणि क्लच या दोन्हींचे ऑइल तुमच्या खर्चाने पूर्ण बदलून द्यावे, तेही माझ्यासमोर. क्लच अर्धवट सुटत असताना रिव्हर्स करकरत होता, त्याचा गिअरवर परिणाम झाला का, हे तपासून लेखी द्यावे. बूस्टरचा रंग आणि भिजलेला फेल्ट हेही त्यातच आले. काउंटरवर जे ऐकवले गेले त्याबद्दल माफी मागायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मी मागून घेणार नाही.

तपासणीसाठी गाडी आणायला मी तयार आहे, पण त्याच वर्कशॉपला नाही. दुसरे ठिकाण आणि वेळ कळवावी. दोन्ही जॉब कार्डांच्या प्रती, टोइंगची पावती, होज आणि क्लॅम्पचे फोटो आणि तुमच्या ईमेलची प्रत सोबत जोडली आहे. काढलेला जुना क्लॅम्प माझ्याकडे आहे. तो तपासणीच्या दिवशी दाखवीन, हातात मात्र देणार नाही.

आपली,
एक ग्राहक
(नाव, गाडीचा नोंदणी क्रमांक आणि चॅसी क्रमांक सोबतच्या अर्जात)