रेकानातीच्या दप्तरात बसलेल्या दोघींना

फ्रान्चेस्का कापेलेत्ती आणि लॉरा तेस्ता यांस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आपली ओळख नाही. मी पुण्यात जुने मोडी जमाखर्च वाचते. गेल्या महिन्यात डब्लिनला लेकीकडे गेले, तेव्हा नॅशनल गॅलरीत इटालियन चित्रकार कॅराव्हाजिओचं येशूच्या अटकेचं चित्र पाहिलं आणि तुमचे आभार मानायचे राहिलेत हे फार जाणवलं.

लोक येशूला धरून देणाऱ्या यहूदाच्या मिठीकडे, शिपायाच्या चकाकत्या चिलखताकडे बघत होते. मला दिसत होती ती तुमची वही. १९८९ मध्ये, रोममध्ये शिकत असताना, तुम्ही इटलीतल्या रेकानाती गावी, ज्यांनी कॅराव्हाजिओकडून चित्रं घेतली त्या मात्तेई घराण्याचं दप्तर चाळायला गेलात, तेही सेंट जॉनच्या वेगळ्याच चित्रासाठी. तिथे २ जानेवारी १६०३ची नोंद निघाली: येशूला बागेत धरल्याच्या चित्राबद्दल कॅराव्हाजिओला १२५ स्कूदी, म्हणजे तेव्हाची नाणी. अशी एक ओळ हाती लागली की काय होतं, ते मला ठाऊक आहे. त्या दिवशी जेवण जात नाही.

तुम्ही तिथे थांबला नाहीत, याचं अप्रूप त्याहून जास्त. घराण्याच्या पुढच्या याद्यांत त्या चित्रावर होंटहॉर्स्ट या डच चित्रकाराचं नाव चढलेलं तुम्ही पाहिलंत. १८०२ मध्ये स्कॉटलंडच्या हॅमिल्टन निस्बेटनं ते त्याच नावानं विकत घेतलं, हेही दाखवलंत. १९९० मध्ये डब्लिनच्या जेझुइट पाद्र्यांच्या जेवणघरात नॅशनल गॅलरीच्या सेर्जिओ बेनेदेत्तींनी काळवंडलेलं चित्र ओळखलं. नजर त्यांचीच. सफाईत यहूदाचा कान चित्रकारानं आधी दुसरीकडे काढल्याचं दिसलं. नक्कल करणाऱ्याला अशी जागा बदलावी लागत नाही. पण तिथेही चित्र होंटहॉर्स्टचंच म्हणून टांगलेलं होतं, आणि तुमच्या कागदांमुळे ती चुकीची पाटीच पुरावा ठरली!

तुमची हकिगत वाचली तेव्हा मी एका वाड्यातल्या रोजकीर्दी कंटाळून बाजूला ठेवल्या होत्या. तेल, मीठ, घोड्याची चंदी, पानोपानी तेच. त्या पुन्हा उघडल्या. चौथ्या बाडात सापडलं: चिताऱ्यास साडेसहा रुपये, देवघराच्या भिंतीबद्दल.

भिंतीवर आज ऑइलपेंटचे थर आहेत. वाडा पाडायचं चाललं होतं. जाणकार माणूस येऊन बघेपर्यंत त्या भिंतीला हात लावणार नाही, असं घरच्यांनी कबूल केलंय.

बहुत काय लिहिणे. लोभ असावा.

आपली,
एक मोडी वाचणारी