कुलकर्णी : आडनावाआधी गाव शोध

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

कुलकर्णी म्हणजे एकाच कुळातले लोक, असं समजून तू वंशावळ जुळवायला बसली आहेस. तसं करू नकोस. कुलकर्णी हा हुद्दा होता. त्यातलं ‘कुळ’ म्हणजे सरकारी हिशेबात नाव लागलेला शेतकरी आणि ‘करण’ म्हणजे लेखन, दस्तऐवज. वसुली पाटलाची, लिखाण कुलकर्ण्याचं: कोणाकडे किती जमीन, काय पिकलं, सारा किती भरला, बाकी किती. परगण्याचं हेच काम देशपांडे पाहत. वतन, म्हणजे हे काम आणि त्याबद्दलची जमीन व हक्क, बापाकडून मुलाकडे जाई, म्हणून हुद्द्याचं आडनाव झालं. देशस्थ, कऱ्हाडे, सारस्वत, कायस्थ प्रभू अशा निरनिराळ्या घराण्यांत ते दिसतं ते यामुळेच. ज्ञानेश्वरांचे पूर्वज आपेगावचे कुलकर्णी होते, पण तेवढ्यावरून कुणी त्यांच्याशी नातं सांगू नये.

म्हणून आधी वतनाचं गाव शोध. आजोबांचं जन्मगाव तेच असेल असं नाही, कारण एका घराण्याकडे दोन-तीन गावांचं कुलकर्णपणही असे. गाव कळलं की तहसील कचेरीत जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी, माग. मुंबई राज्यात १ मे १९५१ पासून कुलकर्णी वतनं कायद्याने गेली. त्या सुमाराच्या फेरफारात वतनाची जमीन त्याच घराण्याला पुन्हा दिल्याची नोंद आणि तिच्यात हिस्सेदार भाऊबंदांची नावं सापडतात. हा कागद मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. गाव कोल्हापूर संस्थानातलं असेल तर मात्र मागे जावं लागेल. शाहू महाराजांनी तिथे १९१८ मध्येच कुलकर्णी वतन बंद करून तलाठी नेमले.

मोडी कागदांत घोटाळा होतो तो वर्षांचा. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, फसली या महसुली सनात ५९० आणि सुहूर या जुन्या दफ्तरी सनात ५९९. वर्ष दोन सनांत पसरलेलं असल्याने कधी एक जास्त धरावा लागतो. सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात: ‘तिसा अशर मयातैन व अलफ’ म्हणजे १२१९, अर्थात इ.स. १८१८-१९. हे कळलं नाही तर नातू आजोबांच्या जागी बसतो.

त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या वंशावळीच्या वह्या पाहायच्या असतील तर गाव, तालुका, गोत्र आणि माहीत असलेल्या पिढ्यांची नावं लिहून ने. नुसतं ‘कुलकर्णी’ सांगून तिथे काही हाती लागणार नाही.

तुझी आई