सरांच्या वहीतील 'आयलंड'

सातारा

प्रिय वसंत,
सप्रेम नमस्कार.

फार दिवसांत तुला पत्र नाही, हे मनाला लागून होतेच. पण आज लिहिल्यावाचून राहवेना. सारख्या उच्चाराच्या इंग्रजी शब्दांची सरांची निळी वही अखेर माझ्या हाती आली आहे. माजी विद्यार्थी ती छापणार आहेत आणि मुद्रिते तपासण्याचे काम माझ्याकडे आहे. माझी प्रकृती ठीक.

'गोरिला' आणि 'गुरिल्ला' या जोडीखाली लाल शाईची दुहेरी रेघ आहे. गनिमी काव्यावरच्या इंग्रजी निबंधात निम्मा वर्ग वानरच लिहून ठेवीत असे, आठवते? गुरिल्ला म्हणजे स्पॅनिशमध्ये छोटे युद्ध. नेपोलियनच्या फौजांशी स्पेनचे लोक १८०८ पासून लढले, तेव्हा तो शब्द इंग्रजीत रुळला. गोरिला हे प्राचीन ग्रीक प्रवासवृत्तातील केसाळ रानटी लोकांचे नाव, जे थॉमस सॅव्हेज यांनी १८४७ मध्ये वानराला दिले. पुढच्याच पानावर 'होर्ड' आहे: साठा या अर्थाचा शब्द अस्सल जुना इंग्रजी, तर झुंड या अर्थाचा तुर्की 'ओर्दू'पासून, म्हणजे छावणीपासून, आलेला, उर्दू भाषेचे नावही तिथलेच. यावरून तू पोवई नाक्यापर्यंत माझ्याशी भांडला होतास. सरांचेच बरोबर होते, वसंता.

पण 'आयलंड'पाशी माझा हात अडला आहे. तो बेट याच अर्थाच्या 'आइल'पासून झाला, असे सरांनी लिहिले आहे आणि ते खरे नाही. 'आइल' लॅटिन 'इन्सुला'मधून फ्रेंचमार्गे आला; 'आयलंड' मुळातच जुना इंग्रजी, त्यात 'एस' नव्हताच. दोन्ही शब्द एकाच कुळातले असावेत अशा समजुतीने सोळाव्या शतकात तो त्यात घुसवला गेला, आणि उच्चारात न येताही आजवर टिकला. सरांच्या मुलीला एक अक्षरही बदललेले नको आहे. तिची भावना मी समजतो. पण एका वेलांटीसाठी आपले गुण कापणाऱ्या माणसाच्या नावावर चुकीची व्युत्पत्ती छापली जावी, हे मला सोसवत नाही. त्यांचे वाक्य तसेच ठेवून खाली तळटीप द्यावी, असे मला वाटते. तिच्याशी तू बोललास तर ती ऐकेल.

वहिनींचे डोळ्याचे ऑपरेशन नीट झाले असेल. सांगलीला घर लागले का?

मुद्रिते सोमवारी छापखान्यात द्यायची आहेत, त्याआधी तिला फोन कर.

तुझा,
माधव