डीटीपीवाल्या ताईंना, स्मरणिकेच्या निमित्ताने

प्रिय ताई,

स.न.वि.वि.

वाचनालयाच्या स्मरणिकेचं तुमचं बिल चुकतं केलं, पण त्यात त्या दुपारच्या शिकवणीचे पैसे तुम्ही लावलेच नव्हते. म्हणून हे पत्र.

चोवीस लेखांच्या चोवीस फायली पेनड्राइव्हवर घेऊन मी आलो होतो. कुठे शीर्षक १८चं, कुठे २२चं, परिच्छेद सुटा दिसावा म्हणून कुणी दोनदा एंटर मारलेलं, कुणी तीनदा. मी रात्री जागून एकेक शीर्षक निवडून ठळक करत होतो आणि त्याला संपादन म्हणत होतो. तुम्ही हसला नाहीत. एवढंच विचारलंत, ‘‘सर, उद्या अध्यक्ष म्हणाले शीर्षकं जरा लहान करा, तर?’’

मग लिब्रेऑफिसच्या रायटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, एफ ११ दाबून स्टाइल्सची यादी उघडलीत. लेखाचं शीर्षक ‘हेडिंग १’, मजकूर ‘बॉडी टेक्स्ट’. दिसणं स्टाइलमध्ये एकदाच ठरवायचं. मी लगेच मजकुराचा आकार १४ केला, तर अक्षर ढिम्म हललं नाही! तेव्हा कळलं, की स्टाइलच्या खिडकीत इंग्रजीचा फॉन्ट वेगळा आणि देवनागरीचा वेगळा, ‘कॉम्प्लेक्स’ लिपीच्या खात्यात. मी इंग्रजीचा आकार वाढवत बसलो होतो आणि लेखात इंग्रजी शब्द एकही नव्हता. (आपली लिपी कॉम्प्लेक्स, हे मात्र अजून पचलेलं नाही.)

सगळं जमल्यावर तुम्ही ती फाईल टेम्प्लेट, म्हणजे नमुना फाईल, म्हणून जपून ठेवलीत. प्रत्येक लेखासाठी टेम्प्लेटवरून नवी फाईल उघडायची आणि जुना मजकूर त्यात बिनफॉरमॅटचा पेस्ट करायचा, म्हणजे लेखकांची रंगरंगोटी दाराबाहेरच राहते. कवितांमधली तिरपी अक्षरं त्यात गेली, ती पुन्हा हाताने घातली, तेवढं चालायचंच.

अध्यक्ष म्हणालेच, शीर्षकं लहान करा. टेम्प्लेट ‘एडिट’ने उघडून फक्त ‘हेडिंग १’ बदललं. मग प्रत्येक लेख उघडताना रायटरने विचारलं, स्टाइल्स अपडेट करू का? तेवीस वेळा हो म्हटलं. एकदा घाईत ‘जुन्याच ठेवा’ दाबलं गेलं आणि त्या फायलीने पुन्हा कधी विचारलंच नाही. तुम्ही बजावलं होतंत, की तसं केलं तर टेम्प्लेटशी नातं तुटतं. तो लेख नव्या फायलीत पुन्हा घेतला.

पुढच्या आठवड्यात वार्षिक अहवाल घेऊन येतो. त्यात कुठे तीनदा एंटर मारलेलं दिसलं, तर ते सचिवांचं समजा.

आपला,
वाचनालयाचा हौशी संपादक